आत्याच्या गुडघ्याच्या मापाची गाडी

गाड्यांच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही. कोलशेतला आमच्या शेतांवर टॉवर उभे राहिले, वडिलांची मिठागरातली अवजारं माळ्यावर गेली आणि माझ्या वाट्याला भरपूर वेळ आला. तो मी गाड्यांवर घालवला. नुसत्या आवाजावरून मी इंजिनाचं दुखणं सांगतो आणि ते बहुधा बरोबर निघतं. म्हणून आत्याला डोंगरावर न्यायची गोष्ट निघाली तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, गाडीचं माझ्यावर सोडा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. टिटवाळ्याच्या पुढे, बरंच आत, एका डोंगराच्या सोंडेवर आमची कुलदेवी आहे. चैत्रात जत्रा भरते आणि पहिली ओटी आमच्या घराण्यातली लेक भरते. सून नाही, लेक. हा मान चाळीस वर्षं आत्याकडे होता. नियम दोनच. वाहन जिथवर जाईल तिथवर खुशाल जावं, पण तिथून देवीपुढे स्वतःच्या पायांनी यावं. उचलून आणलेलीला मान मिळत नाही. आणि लागोपाठ तीन जत्रा चुकल्या की मान गावकी ठरवेल त्या दुसऱ्या घराकडे जातो. पूर्वी टेम्पो थेट वरपर्यंत जायचा. मग एका पावसात वरचा रस्ता वाहून गेला, नुसते धोंडे उरले आणि पायथ्यापासूनची चढण आत्याच्या गुडघ्यांना झेपेना. दोन जत्रा चुकल्या होत्या. ही तिसरी होती. आत्या त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती, पण ओटीचा खण तिने दिवाळीतच आणून ठेवला होता.

मी आधी ठाण्यातल्या शोरूम पालथ्या घातल्या. एका ठिकाणी विचारलं, चारही चाकांना ताकद जाते का? विक्रेत्याने मला सनरूफ उघडून दाखवलं. पुन्हा विचारलं तर म्हणाला, "सर, लूक तर फुल ऑफ-रोड आहे." लूक घेऊन डोंगर चढता येत नाही, असं मी त्याला सांगितलं आणि चहा न घेता निघालो. शेवटी डोंबिवलीच्या एका डॉक्टरांची जुनी गाडी मिळाली. लांबीला आखूड, जाड चासीवर बसवलेली, आणि गिअरच्या शेजारी दुसरा छोटा दांडा. तो ओढला की चारही चाकं बैलाच्या चालीने, पण बैलाच्याच जोराने ओढतात. डॉक्टरांनी तो दांडा कधी हलवलाच नव्हता. त्यांना वाटायचं तो बिघडलेला आहे.

मग मी आणि माझी मुलगी डोंगर बघून आलो. मुलगी तेवीस वर्षांची, कल्याणला नोकरी करते, आणि माझी चूक तोंडावर सांगायची जबाबदारी घरात तिच्याकडे आहे. आम्ही टेप घेऊन धोंडे मोजले, खड्ड्यांची खोली घेतली, चढ कुठे किती तिरपा आहे ते वहीत काढलं. विठ्ठलवाडीजवळच्या एका गॅरेजमध्ये माझा जुना मिस्त्री आहे. त्याला वही दाखवली आणि जे हवं ते सगळं करून घेतलं. स्प्रिंगा बदलून गाडी तीन इंच उचलली. मोठे, खडबडीत टायर घातले. पुढे लोखंडी बंपर, त्यावर गाडी ओढून काढायची विंच. दाराखालचं पायदान धोंड्याला अडकेल म्हणून काढून टाकलं. गाडी अशी काही दिसायला लागली की कोलशेतची सगळी आळी बघायला आली. दोघांनी तर हळदीच्या वरातीसाठी तारीखही विचारली.

जत्रेला पंधरा दिवस होते. आत्या लुगडं खोचून, डोक्याला फुलं माळून अंगणात आली. गाडीभोवती एक फेरी मारली. दार उघडलं. एक पाय उचलला, तो गाडीच्या तळापर्यंत पोचला नाही. दुसरा उचलून पाहिला. सीट तिच्या छातीशी होती.

मी घाईने प्लास्टिकचं स्टूल आणलं. ती त्यावरून कशीबशी बसली, पण उतरताना गुडघा वाकेना आणि स्टूल डगमगलं. तिथे अंगणात सपाट फरशी होती. डोंगरावर स्टूल ठेवायला हातभर सपाट जागा नव्हती, हे माझ्याच वहीत लिहिलेलं होतं.

"मी उचलून खाली ठेवीन की," मी म्हणालो.

आत्याने गाडीचं दार लावलं. मग म्हणाली, "डोंगर मापलास, मना मापाचा इसरलास." आणि घरात निघून गेली.

मुलीने स्टूल उचलून आत नेलं. मला राग आला, पण कुणाचा ते चटकन कळेना. तीन महिने मी प्रत्येक धोंड्याचं माप घेतलं होतं. जिच्यासाठी हे सगळं केलं तिचं एकदाही नाही. खरं सांगायचं तर गाडी मी माझ्यासाठी सजवली होती आणि आत्याचं नाव पुढे केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप घेऊन आत्यापुढे बसलो. गुडघा किती वाकतो, पाय किती उंच उचलला जातो, आधाराला हात कुठे जातो, सगळं लिहून घेतलं. आत्या म्हणाली, "आता ब्लाऊजचा बी माप घे." म्हणजे राग उतरला होता. मी गाडी घेऊन विठ्ठलवाडी गाठली.

मिस्त्री डोक्याला हात लावून बसला. "साहेब, पब्लिक इथे गाडी वर करायला येते. तुम्ही पहिले, जे खाली करायला आलात."

जुन्या स्प्रिंगा परत बसल्या. जुने टायर परत आले. बंपर आणि विंच उतरवली, कारण त्या वजनाने आता गाडी पुढून बसत होती. पायदान परत लागलं, जरा रुंद आणि वीतभर खाली. दाराच्या खांबाला आत्याच्या हाताच्या मापाची मूठ बसवली. गाडी पुन्हा डॉक्टरांची दिसायला लागली आणि आळीतली मंडळी विचारू लागली, काय रे, विकलीस काय ती? मी सांगायचो, गाडीने काही होत नाही, चालवणारा लागतो. फुशारकी होती, पण खोटी नव्हती. दोन रविवार मुलीला पुढे उभं करून मी त्या धोंड्यांत चाक कुठे ठेवायचं त्याचा सराव केला.

जत्रेच्या दिवशी पायथ्याशी टायरांतली हवा कमी केली, म्हणजे ते धोंड्यावर पसरून पकड घेतात. छोटा दांडा ओढला. मुलगी पुढे उलटी चालत हाताने खुणा करत होती, जरा डावीकडे, बस, सरळ. आत्या शेजारी मूठ धरून बसलेली, मांडीवर ओटीची परडी. मी घाई केली नाही, ब्रेकही दाबला नाही. गाडी एकेक धोंडा चढत गेली. वरून जत्रेचे लोक ओरडून शाबासकी देत होते आणि मला ती आवडत होती.

शेवटच्या वळणावर खालून करकर आवाज आला आणि गाडी थांबली. पोट एका खडकावर टेकलं होतं, डावं मागचं चाक हवेत फिरत होतं. मी उतरून वाकून पाहिलं. दोन-अडीच इंचांचा प्रश्न होता. ते इंच मी स्वतःच्या हाताने काढून आलो होतो.

देऊळ शंभरेक पावलांवर राहिलं होतं. वरून चार जण धावत आले. एक म्हणाला, आजीला आम्ही असं उचलून नेतो, कुणी काही म्हणणार नाही. मी उत्तर देण्याआधी आत्याचं दार उघडलं. तिने मूठ धरली, एक पाय पायदानावर ठेवला, दुसरा जमिनीवर, आणि उभी राहिली. परडी मुलीने हातात घेतली होती, ती आत्याने स्वतःकडे घेतली.

"बाजूला व्हा रं," ती त्या चौघांना म्हणाली.

शंभर पावलांना किती वेळ लागावा? ती तीनदा थांबली. प्रत्येक वेळी माझा हात पुढे गेला आणि प्रत्येक वेळी मुलीने तो मागे ओढला. देवीपुढे पोचली तेव्हा आत्याचं लुगडं पाठीवर भिजलं होतं. तिने ओटी भरली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग ती मागे वळली, परडी मुलीच्या हातात दिली आणि गुरवाला मोठ्याने सांगितलं, पुढल्या सालापासून मान हिचा. देवीपुढे आपल्या हाताने दिला तर मान घरातच राहतो, हे जुनंच चालत आलेलं.

मुलगी गोंधळली. "आजी, मला लुगडं नेसता येत नाही."

"चालता येतं ना?"

मला मात्र लागलं. गाडी होती, मी होतो, मग कशासाठी? मी म्हणालो, "आत्या, पुढच्या वर्षीही आणलं असतं मी तुला. खालून थोडी उंच करतो, पायदान तसंच ठेवतो, सगळं जमतं."

"ठाव हाय मना," ती म्हणाली. "आनशीलच तू. पन उचलून आनशील."