सावकाश चढलेले चार मजले

शालिनी हॉस्पिटलात जायला निघाली तेव्हा खाली गाडी उभी होती. तिचा मुलगा अमेय जिन्यात उगाच वरखाली करत होता, आणि ही बाई आपली कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. खुर्चीत बसवून नेतो म्हणणाऱ्या दोघा शेजाऱ्यांना तिनं हातानंच बाजूला केलं होतं. मी मागून तिची पिशवी घेऊन उतरत होते. अगं, बस ना खुर्चीत, मी म्हटलं. तर म्हणते कशी, "उतरताना पृथ्वी माझ्या बाजूनं असते, सुमन. चढायचं काय ते नंतर बघू." ... ते बघायची वेळ तिच्यावर आली नाही. आठवडा उलटायच्या आतच सकाळी अमेयचा फोन आला. "काकू, आई गेली," एवढंच त्याला बोलता आलं. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी मी फोन कानाला धरून तशीच उभी होते.

नेरूळच्या एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. इथे राहायला आलो तेव्हा दोघींची मुलं लहान होती आणि जिना चढताना आम्ही गप्पा मारू शकायचो. मी बँकेत होते, ती ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. आणि शिकवायची म्हणजे घरीदारी, भाजी निवडताना, रिक्षात बसल्यावरसुद्धा. मला शाळेत या विषयानं रडवलेलं, त्यामुळे मी कानाडोळा करायचे. पण कार्य, ऊर्जा आणि शक्ती हा धडा आला की माझी सुटका नसायची, कारण त्या धड्याची प्रयोगशाळा म्हणजे आमचा जिना.

एखाद्या रविवारी ती अकरावीची पोरं घेऊन यायची. खाली वजनकाटा, वर स्टॉपवॉच घेऊन ती स्वतः. एकाला धावत चढायला लावायची, त्याच्याच वजनाच्या दुसऱ्याला रमतगमत. मग वर सगळ्यांना विचारायची, जास्त कार्य कुणी केलं? दरवर्षी सगळा वर्ग धावणाऱ्याकडे बोट दाखवायचा. तो घामानं निथळत असायचा, दुसरा नुसता हसत उभा, त्यामुळे पोरांची तरी काय चूक! शालिनीला या चुकीची फार हौस. ती चूक होईपर्यंत धडा सुरू झाला असं तिला वाटायचंच नाही. मग शांतपणे सांगायची, वजन तेवढंच, उंची तेवढीच, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध केलेलं कार्यही तेवढंच. धावणाऱ्यानं ते कमी वेळात केलं, म्हणून त्याची शक्ती जास्त. तेवढ्यात मी भाजी घेऊन धापा टाकत वर पोचले की पोरांना म्हणायची, सगळ्यात जास्त कार्य मात्र आमच्या सुमनकाकूंचं, त्यांचं वजन बघा. माझ्या वजनावर असा जाहीर विनोद करायची परवानगी जगात फक्त तिलाच होती.

ती रिटायर झाली आणि पुढे तिच्या हृदयानं कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी जिना बंद केला नव्हता. दम लागू द्यायचा नाही, बसत बसत चढायचं, एवढंच सांगितलं होतं. पण अमेयनं धसका घेतला. त्यानं नुकताच उलव्याला टॉवरमध्ये फ्लॅट घेतलेला. दोन लिफ्ट, खाली बाग, आईसाठी वेगळी खोली. त्याचं चुकत होतं असं कसं म्हणू? "मला ऑफिसात टेन्शन येतं गं आई, तू जिन्यात पडली असशील असं वाटतं," तो म्हणायचा तेव्हा त्याचे डोळे भरून यायचे. पण नवऱ्याच्या माघारी एकटीच्या पगारावर हप्ते फेडून तिनं ते घर उभं केलं होतं. ते सोडायचं म्हटलं की ती बोलायचीच बंद व्हायची. शेवटी त्यानं अट घातली. एका रविवारी माझ्यासमोर चढून दाखव. धाप लागली तर त्याच दिवशी उलव्याला. खरं सांगायचं तर मलाही वाटलं होतं, आता ही जाणार.

तो रविवार मला लख्ख आठवतो. पाच-सहा पायऱ्या चढली की शालिनी थांबायची. पहिल्या मजल्यावर स्टुलावर बसली. दुसऱ्यावर पाटीलकाकी राहतात, मूळच्या इथल्याच शिरवणे गावच्या, त्यांनी दारातच खुर्ची टाकून ठेवली होती. "बस गो बाय, पानी पी. घर काय पलून जात नाय," त्या म्हणाल्या, आणि चहाच टाकला. अमेय सारखा घड्याळ बघत होता. आई, इतका वेळ लागतोय, हे असं रोज जमणार आहे का, असं काहीसं तो बोलला. शालिनीनं कप खाली ठेवला.

"कार्य तेवढंच होतंय रे. शक्ती कमी आहे. माझ्या हृदयाला वेळ हवाय, लिफ्ट नको."

अमेयनं घड्याळाचा हात खाली घेतला. चौथ्या मजल्यावर तिनं स्वतःच्या हातानं कुलूप उघडलं. श्वास संथ होता. मी मात्र रडत होते. आम्ही सगळे, मी धरून, तिच्या अकरावीच्या पोरांसारखीच चूक करत होतो. ती हळू चढते म्हणजे तिच्यानं होत नाही, असं धरून चाललो होतो.

त्यानंतर दोन वर्षं ती त्या घरात राहिली, आणि मजेत राहिली. दिवसातून एकदाच उतरायची, पण परत येताना प्रत्येक मजल्यावर तिचा मुक्काम असायचा. काकींबरोबर वाटाणे सोलायची, कुणाची कुरबूर ऐकायची. मी समोरच्याच दारात राहून मला इमारतीतलं जे कळायचं नाही, ते हिला जिन्यात कळायचं.

ती गेली त्या दिवशी अँब्युलन्स खाली आली तेव्हा कुणीतरी सुचवलं, दर्शन पार्किंगमध्येच ठेवू, चार मजले कशाला. अमेयनं मान हलवली. "नाही. आईला तिच्या घरी न्यायचंय." त्यानं स्वतः स्ट्रेचरचा पुढचा दांडा धरला. चौघं झपाझप चढू लागले, तसा पहिल्या मजल्यावर तो म्हणाला, थांबा. बाकीच्यांना वाटलं, दमला. दुसऱ्या मजल्यावर पुन्हा थांबला. काकी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या. "हलू न्या रे तिला," एवढंच म्हणाल्या. मग सगळेच हळू चढले. एवढी उंची चढून ती आयुष्यात पहिल्यांदाच काही न करता घरी आली. ... मला तिची फार आठवण येते, दुसरं काय सांगू.

आता घर आवरायला अमेय रविवारी येतो. तिशीतला, जिमला जाणारा मुलगा, दोन-दोन पायऱ्या टाकत वर यायचा. परवा मी भाजी घेऊन येत होते, तर हा दुसऱ्या मजल्यावर काकींच्या दारात खुर्चीत बसलेला, हातातला चहा कधीच निवून गेलेला. दमलास का रे, मी विचारलं.

"नाही काकू," तो म्हणाला. "वर गेलो की दार मलाच उघडावं लागतं."

मी पिशवी खाली ठेवली आणि तिथेच पायरीवर बसले.