पडणाऱ्या दातांचा डॉक्टर

दातांच्या दवाखान्यात काढलेले दात बशीत राहतात आणि किस्से डोक्यात. बशी रोज रिकामी होते, डोकं काही होत नाही!

चौतीस-पस्तीस साली आमच्या ह्यांनी नाशकात, भद्रकालीजवळ दवाखाना काढला. मुलांना धरायला मी. ह्यांचा एकच ध्यास, पोरांचे दुधाचे दात वाचवायचे. लोक हसत, "पडणाऱ्या दाताला डॉक्टर कशाला?" हे चिडून विचारत, "तोवर पोरानं जेवायचं कशानं?"

*

हमीदमास्तर, आमचे शिंपी, लेकीला घेऊन आले. हे म्हणाले, "बेटी, आ कर." ती ओठ घट्ट मिटून बसली. तिला दाखवायला मास्तरांनीच आ केला. ह्यांनी आत पाहिलं, लेकीला उतरवलं आणि मास्तरांनाच खुर्चीत बसवलं!

दाढ निघाली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी. लेकीनं त्यांच्या गालावरून हात फिरवला, "रोओ मत अब्बा, नया आएगा!" मग आपणहून खुर्चीत चढली.

*

पडलेला दात शेणाच्या गोळीत घालून छपरावर फेकायचा, उंदीर तो नेतो आणि नवा देतो, हे प्रत्येक पोराला पाठ. आमचे पेशंट घरी जाईपर्यंत कुठले थांबायला! सरळ आमच्याच कौलांवर फेकत.

पावसाळ्याआधी घरमालकांनी पन्हाळ साफ केली आणि मूठभर दात टेबलावर ओतले. "डॉक्टर, हा तुमचा माल!"

ह्यांनी एकेक दात उलटापालटा करून पाहिला. बहुतेक किडके. बाकावरची पाच वर्षांची मनी म्हणाली, "म्हणून उंदरानं नेले नाहीत!"

दुसऱ्या दिवसापासून आळीतली पोरं राखुंडी घेऊन ओट्यावर दात घासायला बसली. ह्यांच्या वर्षभराच्या भाषणांनी जे झालं नव्हतं ते मनीनं केलं.

*

घरचंही सांगते, लपवायचं काय? हे मुलींच्या शाळेत जमलेल्या आयांना "झोपताना मुलांना गोड देऊ नका" असं तासभर सांगून आले, तर दारात आमचा बंडू गाल सुजवून उभा! झोपावा म्हणून मीच रोज खडीसाखर देत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे बंडूला एवढंच म्हणाले, "चला पेशंट, नंबर लावा."

खडीसाखरेचा डबा मी त्याच दिवशी शेजारणीला देऊन टाकला. तिला चार मुलं आहेत, हे नंतर लक्षात आलं!

*

आणि ही सिन्नरकडची सखू. सात महिन्यांची लेक पदराखाली घेऊन आली आणि आधी दार लोटून घेतलं. बाळाचे वरचे दोन दात खालच्यांच्या आधी आले होते.

"वरचे आधी आले तर मामाच्या जिवाला इजा होती म्हणतात. मला एकच भाऊ हाय. आईबापामागं त्यानंच वाढवलं मला. काढा हे दात, डॉक्टरसाहेब!"

"निरोगी दात आहेत. मी हात लावणार नाही," हे म्हणाले.

"मग न्हाव्याकडून काढून घेते," ती रडत म्हणाली. ती तसं करणार, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"भाऊ कुठे असतो?" ह्यांनी विचारलं.

"बाहेर हाय. त्याच्याच टांग्यातून आले. त्याला यातलं काय ठाऊक नाय. पोरीला खोकला हाय म्हणून सांगितलंय."

ह्यांनी टांगेवाल्याला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. आडदांड गडी तो. त्यानं हात धोतराला पुसले, भाचीला उचललं आणि आपलं बोट तिच्या तोंडात दिलं.

तिनं कडकडून चावा घेतला.

"आई गं!" तो ओरडला. मग बोट बहिणीसमोर धरून म्हणाला, "सखे, झाली मामाला इजा. चल आता घरी!"