ईनॉक हर्स्टची खिडकी

ईनॉक हर्स्टने शिवलेले बूट सगळी गल्ली घालायची, पण त्याच्यावर विश्वास कुणाचा नव्हता. तो देव मानत नव्हता. पोरांना त्याच्या दुकानात एकटं पाठवायला बाया कचरायच्या. त्याची बायको हेस्टर नेमाने चॅपेलला, म्हणजे गल्लीतल्या छोट्या चर्चला, जायची, तर तिथे तिच्या शेजारची जागा रिकामी राहायची. नास्तिकाच्या घरचं वारं लागतं की काय, कोण जाणे.

एके काळी हाच ईनॉक रविवारी चॅपेलमध्ये पोरांना बायबल शिकवायचा. मग त्यांची तान्ही मुलगी घशाच्या आजाराने गेली. पाद्री क्रॅब्ट्री म्हणाले, देवाची इच्छा. "अशी कशी इच्छा?" ईनॉकने विचारलं, आणि तो प्रश्न त्याने पुढे सोडलाच नाही. शनिवारी गिरणी सुटली की त्याच्या दुकानात वाद रंगायचे.

"बूट आहे म्हणजे तो शिवणारा कुणीतरी आहे," एखादा म्हणायचा. "मग एवढं जग काय आपोआप झालं?"

"बूट शिवताना तू मला रोज बघतोस. जग शिवलं तेव्हा होतास का तिथे?"

"आधी त्या झिजल्या टाचांचं बघ," हेस्टर आतून ओरडायची. "जग कुठे पळून जात नाही."

सगळं हसण्यावारी जायचं. पण ईनॉकचं चामडं चोरीला गेलं आणि हसू आटलं. चोराला त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. कोर्टात शपथेआधी मॅजिस्ट्रेटने विचारलं, देव मानतोस का? ईनॉक नाही म्हणाला. मग त्याची साक्षच घेतली नाही, तेव्हा कायदाच तसा होता. चोराच्या भावाने मात्र बायबलवर हात ठेवून बेधडक थाप मारली आणि चोर सुटला.

"हो म्हणायला तुझं काय जात होतं रे?" हेस्टर त्या दिवशी फार चिडली.

"खरं सांगायला गेलो होतो ना मी? मग सुरुवातच खोट्याने करू?"

पुढे त्याच्या छातीने दगा दिला. आता गल्लीला एकच उत्सुकता, शेवटी हा देवाचा धावा करतो की नाही. चॅपेलने हेस्टरच्या नणंदेला, मर्सीला, सुपाचं भांडं देऊन उशाशी बसवलं. समोर ठाण मांडलं जोनसने. तो ईनॉकच्या नास्तिक मंडळातला. ईनॉक धावा करत नाही याला साक्षीदार नको? दोघं एकमेकांवर डोळा ठेवून असायचे. ईनॉकचा घाम पुसायला कुणी नाही, ओठ हलले की मात्र दोघंही वाकायचे. हेस्टरला दोघांचाही संशय. स्वतःचाही होता, कारण त्याने एकदा तरी देवाचं नाव घ्यावं असं तिला फार वाटत होतं.

"मी बोलेन तेवढंच सांग," ईनॉकने तिला बजावलं होतं. "पदरचं घालू नकोस."

एका दुपारी घरघर लागली. आमच्या गल्लीत अशा वेळी खिडकी उघडतात, आत्म्याला वाट हवी म्हणून. हेस्टरने उठून कडीला हात घातला.

"उघडू नको," ईनॉक म्हणाला. "तुला गार लागेल."

मग तो गेला.

रविवारी क्रॅब्ट्रींनी चॅपेलमध्ये सांगितलं, आपला आत्मा कुठे जाणार हे त्याला कळून चुकलं होतं, म्हणून भिऊन "उघडू नको" म्हणाला. मंडळाच्या सभेत जोनसने सांगितलं, भोळ्या समजुतीला त्याने शेवटपर्यंत थारा दिला नाही, ठणकावून "उघडू नको" म्हणाला. पुढचं दोघांनीही गाळलं.

चॅपेलमध्ये हेस्टर उठली, पुढे गेली आणि तिने बायबलवर हात ठेवला.

"तुला गार लागेल, असं म्हणाला तो. शपथेवर सांगते."

"मी उशाशीच होते," मर्सी म्हणाली. "मला नाही ऐकू आलं."

"दुःखात असे भास होतात, बाई," क्रॅब्ट्री म्हणाले. बाकांवरून सगळे तिच्याकडे बघत होते, कोर्टात ईनॉककडे बघत होते तसेच.

ती घरी आली. ती खिडकी तिने पुढे कधीच उघडली नाही. ऐन उन्हाळ्यात कुणी विचारलं, तर म्हणायची, गार लागतं.