मिस्त्रीच्या दारामागचा पत्रा

“हळद?”

“व्हय.”

“रेडिएटरात?”

“दोनच चमचं,” आकाराम म्हणाला. “दर वर्साला.”

करीम मिस्त्रीनं बोटाला लागलेला पिवळा गाळ हुंगला. उचगावात गाड्या खोलण्यात त्याची तीस वर्षं गेली होती, पण आमटीचा वास येणारं इंजिन पहिल्यांदाच पुढं आलं होतं.

आकारामची गारगोटी-कोल्हापूर वडापाची जीप बारा माणसं वाटेत उतरवून टेम्पोच्या मागं बांधून आली होती. सायलेन्सरातनं पांढरा धूर, ऑइल ताकागत. करीमनं रेडिएटरचं टोपण काढून मिनिटभर इंजिन चालू करायला लावलं, तर पाण्यात बुडबुडे फुटायला लागले. निदान तिथंच झालं. इंजिनाचं धड आणि वरचं हेड, यांच्या मधली गॅसकेट जळाली होती आणि सिलिंडरातला जाळ पाण्यात घुसत होता. हळदीच्या गाळानं रेडिएटर तुंबलं, इंजिन तापलं, गॅसकेट गेली.

पण करीमनं पाना उचलला नाही. त्याच्या दुकानाचा कायदाच तसा होता. बिघाड कुणाच्या अकलेनं झाला ते कळल्याशिवाय इंजिन खोलायचं नाही, आणि ते नाव दारामागच्या पत्र्यावर खडूनं चढवायचं. पत्र्याच्या माथ्यावर लिहिलेलं, ‘यांचं ऐकू नये’. थर्मोस्टॅट काढून फेकायला सांगणारा राजवर्धन त्यावर होता. ब्रेकात गोडं तेल ओतायला सांगणारा शेजारच्या गॅरेजातला गुंडू होता. नाव पुसावं म्हणून गुंडू पेढे घेऊन आला होता. करीमनं पेढे खाल्ले आणि नाव ठेवलं.

“नाव सांग.”

“जाऊ द्या की, मिस्त्री.”

“मग जीप ने.”

“चांगला माणूस हाय ओ.”

“पत्र्यावर वाईट माणूस एक न्हाय. समदी चांगली, आणि समदी बिनडोक.”

बाकावर पेठ वडगावचे एक पावणं आपल्या गाडीच्या क्लचसाठी खोळंबले होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“तुमीच,” आकाराम जमिनीकडं बघत म्हणाला. “आठ वर्सामागं. घाटात रेडिएटर ठिबकाय लागलं तवा फोन केलता. दोन चमचं हळद घाल, भोक बुजतंय, म्हणलासा. बुजलं की. म्हणून घालत ऱ्हायलो.”

“घरी गेल्यावर धुऊन काढ, हे म्हणलो न्हाय?”

“म्हणला असशीला. मीच इसरलो आसंन.”

पळवाट चांगली रुंद होती. तिच्यातनं जीपसुद्धा आरामात निघाली असती. पण करीमला तो फोन आठवत होता. मेव्हणीच्या लग्नाची पंगत, बिर्याणीचं ताट नुकतंच पुढं आलेलं. दोन चमचे म्हणाला आणि फोन खिशात टाकला. धुवायचं सांगायला तोंड रिकामं नव्हतं.

तो दारामागं गेला. गुंडूच्या खाली जागा होती. तिथं ‘करीम’ लिहिलं. मग थोडा विचार करून पुढं ‘मिस्त्री’ जोडलं, उगं दुसऱ्या करीमवर आळ नको.

आल्यावर त्यानं पाना घेतला. कडेचे बोल्ट आधी, मधले शेवटी, असे ढिले करत हेड उचललं. दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधे गॅसकेट जळून काळी झाली होती. हेडवर लोखंडी पट्टी उभी धरून बघितली, तर खालनं उजेड दिसला. हेड वाकलं होतं.

“हे उद्यमनगरात नेऊन घासून सपाट करून आणतो. रेडिएटरबी धुतो.”

“परवा वडाप चालू हुईल न्हवं?”

“हुईल. हळद घरात ठेव.”

वडगावचे पावणं दारामागं जाऊन पत्रा वाचून आले.

“मिस्त्री, आमचा क्लच तुमीच बसवणार?”

“व्हय. दुसरा मिस्त्री बघायचा आसंल तर गुंडू शेजारीच हाय.”

पावणं पुन्हा बाकावर बसले.

“ते फडकं द्या की, पावणं,” करीम म्हणाला, आणि इंजिनावर चिकटलेली जळकी गॅसकेट खरवडायला वाकला.