वसाहतीआधीचा मळा

मला नीट लिहिता येतं असं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. चुकलं तर माफ करा. पण परवा वर्गात किनाऱ्यावरच्या एका श्रीमंत वसाहतीचं माहितीपत्रक वाटलं. पहिलंच वाक्य : ‘इथे पूर्वी नुसती वाळू होती.’ मी गप्प बसलो, त्याचा राग अजून जात नाही.

नुसती वाळू! मग बाबांच्या तळव्यांत रुतायचे ते काटे कशाचे?

तिथे मळा होता. दुबईबाहेर, समुद्राला लागून. बकऱ्या, मालकाचे उंट आणि खजुराची चाळीस झाडं. नव्वदच्या सुमारास बाबा कोकणातून तिथे कामाला आले. पुढे आई मालकाकडे स्वयंपाकाला लागली, तेव्हा आम्हाला मळ्यावरच खोली मिळाली.

नारळाच्या बुंध्याशी मीठ घालायची आपल्याकडची रीत. बाबांनी पहिल्याच आठवड्यात खजुरालाही घातलं. पेशावरचा मुकादम, ज्याला मी चाचा म्हणायचो, पोट धरून हसला. “अरे कोकणी, समंदर कम पड गया क्या?” बाबांनी ती माती हातांनी उकरून काढली, महिनाभर गोडं पाणी दिलं. एकही झाड मेलं नाही. नंतर फळ धरावं म्हणून नर झाडाचा फुलोरा मादी झाडाला बांधायला चाचा बाबांनाच वर चढवायचा.

मी दहावीत असताना मालकाने जमीन बिल्डरला दिली. बाबांनी एकच मागितलं, झाडं मुळांसकट हलवा. मालकाचा मुलगा म्हणाला, “इन्शाल्ला, थंडीत.” आम्ही जवळच्या अजमान शहरात राहायला आलो.

तेव्हापासून दर शुक्रवारी बाबांचा चाचाला फोन. “दूसरे बाग में लग गए सब,” चाचा सांगायचा.

“फुलोरा किसने बांधा?”

“हो गया, यल्ला, फिकर मत कर.”

आई चिडायची. “अहो, एकदा स्वतः जाऊन बघा ना!”

“बोलावल्याशिवाय कसं जायचं?” बाबांच्या या भिडेचाही मला संताप यायचा. आपली झाडं बघायला परवानगी कसली?

कालच्या शुक्रवारी बाबांच्या आधी मीच फोन लावला. म्हटलं, “चाचा, झाडं कुठल्या मळ्यात आहेत? पत्ता द्या, मी बाबांना घेऊन येतो.”



“बेटा, तुम लोग गए, उसी हफ्ते मशीन आई. चालीस के चालीस काट के कचरे के ट्रक में डाल दिए. तेरे बाप को कैसे बोलता?”