भाऊंचा उघडा फोल्डर

भाऊंच्या टेबलाचे खण कायम रिकामे असायचे. कंगवा, अर्धी खाल्लेली शेव, दाढीचा ब्रश, कालच्या चहाचा कप, सगळं वर पसरलेलं. केस अडकलेला तो कंगवा माझ्या कीबोर्डवर दिसला की मला शिसारी यायची. बोललं की हसायचे. "बठ्ठं समोर शे. शोधत बसायला नको," हे त्यांचं ठरलेलं अहिराणी उत्तर. बठ्ठं म्हणजे सगळं.

जळगावात वेबसाइट बनवून देणारं त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. धुळ्याहून आलेल्या मला पहिली नोकरी तिथेच मिळाली. माणूस दिलदार. मी मेहरूण भागात खोली घेतली तेव्हा गॅसची शेगडी स्वतः खांद्यावर घेऊन जिना चढले. मी डबा आणला नसला की त्यांच्या डब्यातलं अर्धं भरीत माझ्यापुढे. अशा माणसावर चिडणं अवघड असतं, तरी मी रोज चिडायचे.

कारण सर्व्हरवरचं आमचं अकाउंट. अशा अकाउंटात मेलचा फोल्डर वेगळा असतो, नोंदींचा वेगळा, आणि एक असतो 'पब्लिक एचटीएमएल'. त्याच्या आत ठेवाल ते जगाला दिसतं, बाहेर ठेवाल ते आपल्यापुरतं राहतं. एवढं समजलं तरी पुष्कळ. भाऊंना तेवढंही समजून घ्यायचं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या वेबसाइटशेजारी तिची जुनी प्रत, मग 'नवीन', मग 'नवीन खरी', कुणाच्या पासवर्डची फाईल, पुतण्याच्या जावळाचे फोटो, सगळा उकिरडा त्या एका फोल्डरात. तो उघडताना मला नाकाला पदर लावावासा वाटायचा.

जामनेरच्या एका वधू-वर सूचक मंडळाचं काम आलं तेव्हा मुलींचे बायोडाटेही त्यांनी तिथेच टाकले. फोटो, फोन नंबर, घरचा पत्ता. मी म्हटलं, हे एक पायरी वर, बाहेर ठेवू.

"माय, लिंक आपण कोणाला दिलीच नाही. मग येईल कोण?" ते म्हणाले आणि शेव माझ्याकडे सरकवली.

लिंक न देताही शोधणाऱ्याला अशा फायली सापडतात, हे मी कागदावर चित्र काढून समजावलं. त्या चित्रावर त्यांनी चहाचा कप ठेवला. मी फायली हलवल्या, तर सापडेनात म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा आत आणल्या.

मग त्यातली एक मुलगी मंडळाकडून आमचा पत्ता घेऊन ऑफिसात आली. अमळनेरला शाळेत शिकवायची. कोण कुठले पुरुष तिला फोन करून घाण बोलत होते. तिनं जास्त काही सांगितलं नाही. फोन वाजला तसा स्पीकरवर टाकून भाऊंपुढे ठेवला. पलीकडचा जे बोलला ते लिहायचीही मला किळस येते. भाऊंचा चेहरा उतरला, डोळ्यांत पाणी आलं. नवीन सिम स्वतःच्या खर्चानं घेऊन देतो, म्हणाले.

"नंबर बदलेन, काका. घर कसं बदलू?" ती म्हणाली. फोन करणाऱ्यांपैकी दोघेजण दारापर्यंतही येऊन गेले होते.

ती गेल्यावर मी सगळे बायोडाटे बाहेर काढले. मिनिटाभराचं काम. बाकीच्या मुलींचे कशाला हलवतेस, त्यांची कुठे तक्रार आहे, असं भाऊंनी विचारलं. तोंड उघडलं असतं तर शिवीच आली असती.

त्यानंतर एक दिवस भाऊ एसटीनं अमळनेरला गेले आणि संध्याकाळी केळीच्या वेफर्सचा भलामोठा पुडा तसाच परत घेऊन आले. मुलीची माफी मागायला गेले होते. घरात माणसं होती, पंख्याचा आवाज येत होता, पण दार कोणी उघडलं नाही. बराच वेळ कडी वाजवली, तिच्या नावानं हाका मारल्या, असं ते सांगत होते.

पत्ता कुठून मिळाला, मी विचारलं.

"तू हलवायच्या आधी मी एक कॉपी करून ठेवली होती ना," ते म्हणाले. "तठेच शे, आपल्या फोल्डरात."

ती कॉपी मी शोधली, पुसली, ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली आणि पर्स उचलली. भाऊ जिन्यापर्यंत मागे आले. पुडा तरी घेऊन जा, म्हणाले. परक्या गावात त्यांच्याइतकी माया मला कोणी लावली नव्हती. मी पुडा घेतला नाही.