बाबांच्या गुडघ्यापुढची जागा

मी कॅनडाला निघाले तेव्हा डिलाईल रोडपासून विमानतळापर्यंत बाबा टॅक्सीत पुढच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. पायाशी आईने ऐनवेळी माझा कुकर आणि खाऊची पिशवी कोंबली होती. "गावच्या गाडीत काय वेगळा असता?" एवढंच म्हणाले.

चाळीतल्या तुम्हा सगळ्यांना ते ठाऊक आहेच. गणपतीला गावी जाताना सीटखालची जागा पायांची नसतेच मुळी. तिथे मखराचं सामान, शेजाऱ्यांनी घरी पोचवायला दिलेली पार्सलं. येताना कोणाचं तरी नारळांचं पोतं. बाबांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. इथे मात्र मी बसमध्ये शेजारच्या सीटवर मुद्दाम पर्स ठेवते, कुणी चिकटून बसू नये म्हणून.

यंदा बाबा पहिल्यांदाच नातीला भेटायला येणार होते. मध्यंतरी पडले तेव्हापासून त्यांचा उजवा गुडघा नीट वाकत नाही. मी जास्तीचे पैसे भरून विमानात सगळ्यात पुढची, पाय लांब करता येतील अशी सीट घेतली. फोनवर बजावलं, "ही जागा तुमची. कुणाला द्यायची नाही." "होय गो बाय," म्हणाले.

आणि दिली. मागे बसलेल्या एका उंच, धडधाकट तरुणाला! व्हीलचेअरवर बाहेर आले तेव्हा पाय इतका सुजला होता की चप्पल चढत नव्हती. लेक धावत गेली, पण त्यांना तिला मांडीवरही घेता येईना.

"बिचाऱ्या झिलाचे पाय मावनत नाय हुते. माका सवय आसा."

मी भडकलेच. अजूनही धुमसतेय. त्या मुलावर, विमानवाल्यांवर, आणि स्वतःचे पाय दुमडून दुसऱ्याची सोय बघणाऱ्या आपल्या सगळ्या चाळीवर. आठवडाभर बाबा सोफ्यावर पडून होते. लेक रोज विचारायची, आजोबा बागेत कधी येणार?

परतताना ते नातीकडे बघत शांतपणे म्हणाले, "आता माझ्याच्यान होवचा नाय. तुमीच येवा. चेडवाचे पाय ल्हान आसत तवसर येवा."

आता माझ्यासाठी घर म्हणजे चाळीच्या गॅलरीतलं ते बाकडं, जिथे बाबा पाय लांब करून बसतात. तिथे जायचं तर आता आम्हालाच निघायला हवं. सुट्टी मिळत नाहीये, आणि काल लेकीची नवी पॅन्ट घोट्याच्या वर गेली.